क्रेडिट कार्डाची थकबाकी ठरवून फेडताना सिबिलची नोंद कशी सांभाळावी

क्रेडिट कार्डाची थकबाकी आवाक्याबाहेर गेली की बँकेशी बोलून काहीतरी ठरवावे लागते, आणि त्या वेळी आपले सगळे लक्ष रक्कम किती कमी होते एवढ्यावरच असते. माझेही तसेच झाले. माझ्या दोन कार्डांवर मिळून २ लाखांहून थोडी अधिक थकबाकी होती. एका कार्डाचे १,१२,००० रुपये बँकेने ६२,००० रुपयांत मिटवण्याची तयारी दाखवली आणि मी फोनवरच होकार दिला. दुसऱ्या कार्डाचे ९६,००० रुपये मी २४ हप्त्यांत पूर्ण फेडले. तीन वर्षांनी गृहकर्जासाठी अर्ज केला, तेव्हा हप्त्यांनी फेडलेल्या कार्डाबद्दल कोणी काही विचारले नाही. ५० हजार वाचवून मिटवलेल्या कार्डामुळे मात्र अर्ज परत आला, कारण सिबिलच्या अहवालात, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ (पूर्ण पैसे न मिळता मिटवलेले) असे लिहिलेले होते. फोनवरच्या प्रतिनिधीने मला ‘मॅडम, सिबिल क्लिअर होईल’ असे सांगितले होते, आणि त्या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे मी विचारले नव्हते.

म्हणून या लेखातला सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: फेड पूर्ण झाल्यावर आपल्या नोंदीत कोणता शब्द जाणार, हे रक्कम ठरण्याआधी ठरले पाहिजे.

१. आधी स्वतःचा अहवाल काढा

भारतात पतनोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलीभाषेत सगळ्यालाच आपण ‘सिबिल’ म्हणतो, पण चौघींच्या नोंदी वेगळ्या असतात आणि एकीत झालेली दुरुस्ती दुसरीत झालेली असेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यांच्या संकेतस्थळांवर सशुल्क योजना ठळकपणे समोर येतात आणि मोफत अहवालाचा दुवा थोडा शोधावा लागतो. तेवढा वेळ द्यावा, पैसे भरू नयेत.

अहवाल हाती आला की ३०० ते ९०० मधला तो गुणांक पाहून थांबू नका. प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात आणि त्यांत त्या त्या महिन्यात किती दिवस उशीर झाला होता, तो आकडा असतो. यालाच डीपीडी म्हणतात. शून्य किंवा ‘एसटीडी’ असेल तर खाते नियमित आहे, ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही. त्याखेरीज खात्याची स्थिती, शिल्लक रक्कम आणि थकीत रक्कम या तीन ओळी नीट उतरवून घ्या. पुढे बँकेशी बोलताना, आपल्याबद्दल बँकेने काय कळवून ठेवले आहे हे आपल्याला माहीत असणे, हा मोठा आधार असतो.

२. खाते कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखा

कोणता मार्ग मोकळा आहे, हे उशीर किती दिवसांचा आहे यावर अवलंबून असते. कार्डाच्या नियमांप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटून गेल्यावरच बँक खाते थकीत म्हणून कळवू शकते, आणि थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी तिने ग्राहकाला सात दिवसांची सूचना द्यायची असते. पुढे ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० आणि ६१ ते ९० असे टप्पे आहेत. बिलातली किमान देय रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली गेली नाही, तर खाते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए, ठरते. एकदा ते तसे ठरले की एखादा हप्ता भरून परत नियमित होत नाही. थकलेले सगळे व्याज आणि मुद्दल भरल्यावरच ते नियमित वर्गात येते. त्यामुळे ९० दिवसांच्या अलीकडचे आणि पलीकडचे बोलणे यांत फार अंतर आहे. अलीकडे आपण ग्राहक असतो आणि मार्ग अनेक असतात; पलीकडे प्रकरण वसुली विभागाकडे जाते.

माझा आग्रह आहे की पहिले बिल चुकण्याची चिन्हे दिसू लागताच बँकेला फोन करावा. लाजेपायी मी अडीच महिने फोन उचलले नाहीत, आणि पहिल्या कार्डाचे मार्ग त्या अडीच महिन्यांतच बंद झाले.

किमान रक्कम भरत राहणे हा मार्ग नोंद स्वच्छ ठेवतो, पण कर्ज फेडत नाही. एक हिशेब करून पाहा. शिल्लक १,००,००० रुपये आणि व्याज महिना ३.५ टक्के असेल, तर व्याज ३,५०० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, असे ४,१३० रुपये होतात. किमान रक्कम ५ टक्के धरली तर भरलेल्या ५,००० पैकी मुद्दलात जेमतेम ८७० रुपये जातात. शिवाय शिल्लक पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते आणि तिच्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते.

३. मार्ग निवडताना शब्द पाहा

मार्ग मुख्यतः चार आहेत. मी ते नोंदीला कमी धक्का देणाऱ्यापासून जास्त धक्का देणाऱ्याकडे, अशा क्रमाने मांडते.

पहिला मार्ग शिल्लक रक्कम हप्त्यांत बदलून घेण्याचा. बहुतेक बँका थकबाकी ६ ते ३६ महिन्यांच्या हप्त्यांत बदलून देतात आणि त्यावरचे व्याज कार्डाच्या नेहमीच्या व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. माझ्या ९६,००० रुपयांवर वार्षिक १६ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी सुमारे ४,७०० रुपयांचा हप्ता बसला. व्याजावरचा जीएसटी वेगळा. खाते नियमित असताना किंवा उशीर थोडा असतानाच ही सोय मिळते. प्रत्येक हप्ता त्या महिन्याच्या किमान देय रकमेत पूर्ण धरला जातो, म्हणून हप्ता चुकला तर तो कार्डाचे बिल चुकण्यासारखाच नोंदला जातो. सगळे हप्ते वेळेत गेले तर अहवालात या बदलाचा कोणताही डाग राहत नाही.

दुसरा मार्ग कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज काढून किंवा शिल्लक दुसऱ्या कार्डावर नेऊन पहिले कार्ड पूर्ण भरून टाकण्याचा. नोंदीच्या दृष्टीने हाही स्वच्छ आहे, कारण पहिले खाते पूर्ण भरलेले दिसते. मात्र मोकळे झालेले कार्ड पुन्हा वापरले गेले तर एकाऐवजी दोन कर्जे मागे लागतात, आणि शिल्लक नेण्याच्या योजनेतला कमी दर ठरावीक महिन्यांपुरताच असतो. शक्य असल्यास पगारतारण किंवा सोनेतारण कर्जाचा दर आधी विचारून घ्यावा.

तिसरा मार्ग पुनर्रचनेचा. आर्थिक अडचणीमुळे बँकेने परतफेडीच्या अटीच बदलल्या, तर त्याला पुनर्रचना म्हणतात आणि नोंदीत खाते ‘रिस्ट्रक्चर्ड’ म्हणून जाऊ शकते. फोनवरची व्यक्ती हप्त्यांची सोय आणि पुनर्रचना या दोन्हींना ‘ईएमआय करून देतो’ असेच म्हणते. दोन्हींतला फरक नुसत्या बोलण्यातून कळत नाही, म्हणून हा प्रश्न ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे.

चौथा मार्ग तडजोडीचा, म्हणजेच सेटलमेंटचा. यात बँक थकबाकीचा काही भाग सोडून देते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीसाठी चौकट घालून दिली. तिच्यानुसार ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली तर ती पुनर्रचना समजली जाते, आणि तडजोड झालेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, किमान १२ महिने त्या बँकेने नवे कर्ज द्यायचे नसते. नोंदीत खाते ‘सेटल्ड’ म्हणून जाते. बँकेने ते आधीच निर्लेखित केले असेल, म्हणजे वसूल होणार नाही असे धरून हिशेबातून काढले असेल, तर ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’ म्हणून. पतनोंद ठेवणाऱ्या कंपन्या माहिती किमान सात वर्षे जपतात. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण पैसे मिळाले आणि ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण पैसे मिळाले नाहीत, एवढेच पुढचा कर्ज देणारा वाचतो. त्यामागचे आजारपण किंवा गेलेली नोकरी त्या शब्दात दिसत नाही.

तडजोड कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. उत्पन्नच थांबले असेल, घरात दुसरा आधार नसेल आणि व्याज दर महिन्याला वाढत असेल, तर ती करावी आणि मन शांत ठेवावे. मात्र दोन-तीन वर्षांत घर, वाहन किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज लागणार असेल, तर माफ होणारी रक्कम आणि न मिळणारे कर्ज यांची तुलना आधी कागदावर करावी. माझ्या बाबतीत ती केली असती, तर ५० हजारांचा मोह मला झाला नसता.

४. बँकेशी बोलण्याआधी जमवायचे कागद

- गेल्या सहा महिन्यांची कार्डाची विवरणपत्रे
- चारपैकी किमान दोन कंपन्यांचे ताजे पतअहवाल
- पगारपत्रके किंवा उत्पन्न कमी झाल्याचा पुरावा. आजारपण असेल तर रुग्णालयाची बिले
- पगार जमा होणाऱ्या खात्याचे सहा महिन्यांचे विवरण
- दरमहा किती भरता येईल याचा एका पानाचा हिशेब
- बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता, जो बँकेच्या संकेतस्थळावर असतो

या सगळ्यांत तो एका पानाचा हिशेब सर्वांत उपयोगी पडतो. घरभाडे, किराणा, शाळेची फी आणि इतर हप्ते वजा करून उरणारी रक्कम लिहा आणि तिच्यातले पाऊणच भाग बँकेला कबूल करा. झेपणार नाही असा हप्ता मान्य करून तो तिसऱ्या महिन्यात चुकला, तर आधीची सवलत रद्द होते आणि नोंदीत उशीर नव्याने सुरू होतो.

५. लेखी पत्र हाती येईपर्यंत पैसे भरू नका

फोनवर ठरलेली कोणतीही गोष्ट ठरलेली समजू नये. बँकेच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरून किंवा बँकेच्या पत्रशीर्षावर पत्र आले पाहिजे, आणि त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, एकूण थकबाकी, भरायची रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, माफ होणारी रक्कम, पैसे कोणत्या खात्यात भरायचे आणि फेड पूर्ण झाल्यावर खात्याची स्थिती काय कळवली जाईल, हे सगळे असले पाहिजे. शेवटची बाब पत्रात सहसा नसते. ती मागून घ्यावी लागते. त्यासाठी असा मजकूर पाठवता येईल:

‘आपण सुचवलेल्या योजनेनुसार संपूर्ण रक्कम भरल्यानंतर माझे खाते पतमाहिती कंपन्यांना कोणत्या स्थितीत कळवले जाईल, तसेच ही योजना हप्त्यांची सोय, पुनर्रचना की तडजोड म्हणून नोंदली जाईल, हे कृपया लेखी कळवावे. आपले उत्तर मिळाल्यावर मी पहिला हप्ता भरेन.’

उत्तर यायला आठवडा लागला तरी थांबा. तोवर शक्य असल्यास किमान देय रक्कम भरत राहा. ‘आज संध्याकाळपर्यंतच ही ऑफर आहे’ असे दडपण आले, तर मुदत संपण्याची तारीख लेखी मागावी.

कोणाच्याही वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर किंवा रोखीने पैसे देऊ नयेत. वसुली प्रतिनिधीकडे बँकेचे अधिकारपत्र मागावे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे. ‘तुमचे कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी हप्ते भरणे बंद करा’ असे सांगणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांपासून विशेष सावध राहावे. हप्ते थांबले की उशिराचे दिवस तुमच्याच नोंदीत वाढतात, आणि त्या कंपन्यांचे शुल्क वेगळे द्यावे लागते.

राष्ट्रीय लोक अदालतीची सूचना आली तर घाबरू नका. तिथे झालेला तोडगा दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो आणि त्यावर अपील करता येत नाही, म्हणून तिथेही सही करण्याआधी नोंदीच्या शब्दाचा प्रश्न विचारावाच.

६. फेड चालू असताना

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवून घ्या आणि स्वयंचलित वजावट लावा. वजावटीच्या आदल्या दिवशी खात्यात रक्कम आहे की नाही, ते स्वतः पाहा. जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला पतनोंद कळवतात, त्यामुळे ‘महिनाअखेरीपर्यंत भरले तर चालेल’ हा जुना समज आता चालत नाही.

बचत खाते त्याच बँकेत असेल, तर कार्डाच्या करारातील अटींनुसार बँक थकबाकी त्या खात्यातून वळती करून घेऊ शकते. तसे एकाएकी झाले की घरभाडे आणि इतर हप्ते कोलमडतात, आणि एका कार्डामुळे दुसऱ्या कर्जाची नोंद बिघडते. पगार दुसऱ्या बँकेत वळवता येत असेल तर तो आधीच वळवावा. पुढच्या तारखांचे धनादेश सह्या करून देण्याचे टाळावे. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकते.

या काळात ते कार्ड वापरू नये आणि नव्या कर्जासाठी ठिकठिकाणी अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. दुसरे जुने कार्ड नियमित चालू असेल तर ते बंद करू नका. त्यावर छोटी खरेदी करून पूर्ण बिल भरत राहा. एकूण मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला असतो आणि तो पाळण्यासारखा आहे. मोबाइल क्रमांक बदलला असेल तर बँकेत आणि पतमाहिती कंपनीकडे नोंदवा, म्हणजे थकबाकी कळवली गेल्याचा संदेश तुम्हाला मिळेल.

७. शेवटचा हप्ता भरल्यानंतर

इथे अनेक जण निर्धास्त होतात आणि इथेच एक लहानशी चूक सगळ्यावर पाणी फिरवते. बिल निघाल्याच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या तारखेपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. माझ्या दुसऱ्या कार्डावर शेवटच्या हप्त्यानंतरच्या बिलात १४७ रुपये आले होते. विवरणपत्र उघडून पाहण्याची सवय लागलेली होती म्हणून ते वेळेत भरले गेले. ते राहिले असते, तर २४ महिन्यांच्या नियमित फेडीनंतर थकीत दिवसांचा नवा आकडा नोंदीत गेला असता. म्हणून शेवटच्या हप्त्यानंतर किमान दोन बिले शून्य आल्याची खात्री करा.

त्यानंतर बँकेकडून बेबाकी दाखला, ज्याला सगळे एनओसी म्हणतात, तो लेखी घ्या. कार्ड बंद करायचे असेल तर तशी लेखी विनंती करा. थकबाकी नसताना बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करायचे असते. न केल्यास त्यापुढे बंद होईपर्यंत दररोज ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा काढा आणि खात्याची स्थिती, शिल्लक शून्य आणि थकीत रक्कम शून्य या तिन्ही ओळी दाखल्याशी ताडून पाहा.

८. नोंद चुकीची निघाली तर

अहवालातील चुकीविरुद्ध पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत तक्रार करता येते. कंपनी बँकेकडून खात्री झाल्याशिवाय नोंद बदलत नाही, म्हणून तीच तक्रार पत्र आणि दाखला जोडून बँकेलाही त्याच दिवशी पाठवावी. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करावी. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात: पत्र कोणत्या तारखेचे, पैसे कोणत्या तारखेला भरले आणि अहवालात कोणत्या तारखेला काय दिसते.

९. ‘सेटल्ड’ आधीच लागले असेल तर

ज्यांनी माझ्यासारखी तडजोड आधीच करून टाकली आहे, त्यांनाही एक मार्ग उरतो. माफ झालेली रक्कम आता भरतो, खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवा, अशी लेखी विनंती बँकेला करता येते. बँकेवर ती मान्य करण्याचे बंधन नाही, म्हणून इथेही आधी पत्र आणि मग पैसे हाच क्रम ठेवावा. दरम्यान मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घेऊन त्याचे बिल दरमहा पूर्ण भरत राहिल्यास नियमित नोंदींचे नवे महिने जमा होतात.

मी ते ५०,००० रुपये वर्षभर साठवून भरले. दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात शब्द बदलला. दुसऱ्या एका कंपनीच्या अहवालात मात्र तो तसाच होता आणि तिथे वेगळी तक्रार करावी लागली. उशिराचे दिवस दाखवणारे चौकोन पैसे भरून पुसले जात नाहीत, ते राहिले. पुढच्या गृहकर्जाच्या अर्जात अधिकाऱ्यांनी त्या चौकोनांबद्दल विचारले, तेव्हा मी बँकेचे पत्र, पैसे भरल्याची पावती आणि बेबाकी दाखला अशी तीन पाने त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांनी त्यांच्या प्रती अर्जाला जोडून घेतल्या.